अर्धा मार्क

जानेवारीतली गोष्ट आहे. अकरावीच्या पोरांना वर्गात दहा ओळी लिहायला दिल्या होत्या, 'माय फादर'. हा विषय मी दरवर्षी देतो, कारण त्याला तयारी लागत नाही, पोरांचीही नाही आणि माझीही नाही. त्रेसष्ट वह्या पिशवीत घालून घरी आणल्या आणि जेवणं झाल्यावर पलंगावरच मांडी घालून बसलो. बाहेर कुणाच्या तरी खळ्यावर तुरीचं मळणीयंत्र चालू होतं. त्याची घरघर ऐकू येत होती आणि बारीक भुसकट खिडकीच्या जाळीतून आत येऊन वह्यांवर बसत होतं. समोर टीव्हीवर बातम्या, आवाज कमी केलेला. माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स हार्ड. ही गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. परभणी जिल्ह्यातले सगळे बाप इंग्रजीत एकसारखे असतात. लवकर उठतात, कष्ट करतात आणि 'आय लव्ह माय फादर व्हेरी मच'वर येऊन संपतात. तिसाव्या वहीनंतर हात आपोआप चालायला लागतो, डोळा फक्त चूक तेवढी हुडकतो. चाळिसाव्या की एकेचाळिसाव्या वहीत एक वाक्य आलं, 'माय फादर इज अ डिसइंटरेस्टेड फार्मर'. मी 'डिस'वर काट मारली, वर लाल शाईनं 'अन' लिहिलं, अर्धा मार्क कापला आणि पुढची वही ओढली.

दहा सेकंदंही लागली नसतील.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते पोरगं स्टाफरूमच्या दारात येऊन उभं राहिलं. मागच्या बाकावर बसणारं, हजेरीला 'यस सर' सोडून वर्षभरात काही न बोललेलं. वही छातीशी धरलेली. "सर, हे कामून काटलं?" मी चहाचा कप खाली न ठेवताच सांगितलं, की शेतीत ज्याला रस नाही तो अनइंटरेस्टेड, डिसइंटरेस्टेडचा अर्थ वेगळा, वर्गात सांगितलं होतं की रे. "हो सर. म्हणूनच लिवलं," तो म्हणाला. "तुमी म्हणले होते, ज्याचा फायदा नाही अन् तोटाबी नाही, तरी नीट ध्यान देऊन काम करतो, तो डिसइंटरेस्टेड. माझे वडील सालगडी हायेत. रान त्यायचं नाही." मी गप्प झालो. पण मास्तरकी अशी सहजासहजी गप्प बसत नाही. मी म्हणालो, "अरे, पण सालाचे पैसे मिळतात ना त्यांना? उचल घेतली असेल, धान्य मिळत असेल. मग संबंध आलाच की." पोरगं माझ्याकडं न बघता दाराच्या चौकटीकडं बघत होतं. तिथं एक मुंग्यांची रांग चालली होती, मलाही तीच आठवते. ते म्हणालं, "पगार तर अंपायरलाबी असंल ना सर."

अंपायर मीच त्यांच्या डोक्यात घातला होता. या दोन शब्दांतला फरक सांगताना मी दरवर्षी क्रिकेट वापरतो. पूर्वी यजमान देशाचेच अंपायर असायचे आणि पाहुणा संघ हरला की घरी जाऊन अंपायरच्या नावानं बोटं मोडायचा. 1986 साली पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजच्या कसोटी सामन्यात लाहोरला दोन भारतीय अंपायर उभे राहिले, पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. कोण जिंकलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पुढं 1994 पासून प्रत्येक कसोटीत एक तरी अंपायर तिसऱ्या देशाचा असावा असा नियम झाला, 2002 पासून दोघंही. हे झालं की मी पोरांना विचारतो, लाहोरच्या उन्हात दिवसभर उभा असलेला तो माणूस सामन्याकडं बघत नव्हता का? तो तर सगळ्यांत जास्त बघत होता. चेंडू पॅडला कुठं लागला, बॅटीची कड घेतली का, गोलंदाजाचा पाय रेषेच्या पुढं पडला का, सगळीकडं त्याचं लक्ष. हा डिसइंटरेस्टेड. आणि तिकीट फुकट मिळालं म्हणून येऊन स्टँडमध्ये तोंडावर टोपी घेऊन झोपलेला, तो अनइंटरेस्टेड. पोरं हसतात, मी खडू खाली ठेवतो, तास संपतो. इतकी वर्षं हे उदाहरण मी देत आलो, पण कुणी ते उचलून आपल्या घरी नेईल आणि बापाच्या अंगावर घालून बघेल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता नियमानं बघितलं तर वाक्य बरोबर नव्हतंच. डिसइंटरेस्टेड हे विशेषण न्यायाधीशाला लागतं, साक्षीदाराला लागतं, सल्ला देणाऱ्या मित्राला लागतं. शेतकऱ्याला ते कुणी लावत नाही. सालगड्याला तर त्याहून नाही, कारण त्याचं पोट त्याच रानावर असतं. एखादा कडक परीक्षक म्हणाला असता, अर्धा काय, अख्खा मार्क कापा. मला खात होतं ते दुसरंच. मी काट मारून थांबलो नव्हतो, वर 'अन' लिहिलं होतं. त्या पोराच्या बापाला शेतीत रस नाही, असं मी लाल शाईनं, माझ्या सहीसकट, त्याच्या वहीत लिहून दिलं होतं. पोरानं जाता जाता सांगितलं, मालक परभणीला राहतो, आठवड्यातून एकदा गाडीवर येऊन चक्कर मारतो. रात्रीच्या पाळीची लाईट असली की हरभऱ्याला पाणी द्यायला बापच जातो, बॅटरी आणि काठी घेऊन. "मी म्हणलं एक दिस नका जाऊ, थंडी लई हाये. तर म्हणले, लाईट मालकाची वाट बघती का."

मी म्हणालो, वही ठेव माझ्याकडं, बघतो.

त्या दिवशी घरी जाताना डोक्यात तो शब्दच फिरत होता. आमच्याकडं 'इंटरेस्ट' आधी आला तो बँकेतून. पहिल्यांदा हे दोन शब्द शिकवले त्या वर्षी एका पोरानं हात वर करून विचारलं होतं, "डिसइंटरेस्टेड म्हणजे बिनव्याजी का सर?" वर्ग हसला, मीही हसलो. पण जिथं वेळेवर भरलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज शून्य टक्क्यानं पडतं आणि वेळ हुकली की सगळं गणित फिरतं, तिथल्या पोराला इंटरेस्ट म्हणजे आधी व्याजच आठवणार. दुसरा इंटरेस्ट लग्नाच्या बोलण्यांत येतो, 'पोराला शिक्षणात काही इंट्रेस नाही, पण रान वीस एकर हाये.' आणि तिसरा, जो आम्ही इंग्रजीत कधीच म्हणत नाही, तो हितसंबंधाचा. इंग्रजीनं या तिन्हींना एकाच शब्दात कोंबून ठेवलंय. मूळ लॅटिन, 'इंटर' म्हणजे मध्ये आणि 'एस्से' म्हणजे असणं. मध्ये असणं. आमच्या भाषेत, मधात असणं. 'तू मधात नको पडू', 'त्याचं मधात काहीतरी हाये', असं आपण बोलतो तेव्हा लॅटिनच बोलत असतो बहुतेक. मधात असलेल्या माणसावर आपला पहिल्यापासून संशय. तो उगाच कशाला मधात येईल?

आणखी एक गंमत. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत हे दोन शब्द नेमके उलटे वापरल्याचे दाखले आहेत. डिसइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला आणि अनइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती. पुढं अठराव्या शतकात कधीतरी दोघांनी जागा बदलल्या. आणि आता पुन्हा चांगली शिकलेली इंग्रज माणसंसुद्धा कंटाळलेल्या माणसाला खुशाल डिसइंटरेस्टेड म्हणतात, व्याकरणाचे जाणकार कपाळाला हात लावतात, आणि कुणी ऐकत नाही. म्हणजे ज्या हद्दीवर उभा राहून मी अर्धा मार्क कापला, त्या हद्दीचा धुराच, म्हणजे बांधच, तीन-चारशे वर्षं इकडून तिकडं सरकतोय.

धुरा म्हटलं की मला आबा आठवतात. आईचे वडील. आजोळ पालम तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही. आबांची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दूतली. 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य गेलं, पण आबांच्या तोंडातली उर्दू शेवटपर्यंत गेली नाही. सही मराठीत, पण हिशोब लिहायचे उर्दू आकड्यांत, त्यामुळं त्यांच्या वहीत कुणाचे किती लागतात हे आजीलाही कळायचं नाही. गावात दोन भावांत, दोन चुलत्यांत धुऱ्यावरून वाजलं की माणसं मोजणीच्या आधी आबांकडं यायची. सरकारी मोजणीला पैसे भरा, तारखेची वाट बघा, आणि मोजणी झाली तरी दोघांपैकी एकजण ती मानायचा नाहीच. आबांचं मानायचे. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी बेगरज हाये म्हणून." तेव्हा मला वाटलं होतं, आबांना पैशांची गरज नाही. पुष्कळ वर्षांनी एका उर्दू शब्दकोशात बेगरज बघितला, तर डिसइंटरेस्टेडला याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. तो आमच्या घरातच होता, उंबऱ्यावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत.

एका दिवाळीच्या सुट्टीत आबांनी मला सोबत नेलं होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आजीनं दोघांची भाकरी धडप्यात बांधून दिली, वर ठेचा आणि एक कांदा. मला राग आला होता, कारण ज्यांच्याकडं चाललो होतो ते चांगले खातेपिते होते, त्यांच्याकडं जेवायला मिळालं असतं. आबा पंचाईतीला गेले की कुणाचं जेवत नसत. चहाही नाही. पाणी प्यायचं ते रानातल्या विहिरीचं, आणि विहीरही वादातली असली तर तेही नाही, घरून तांब्या भरून न्यायचा. धुऱ्यावर पोचलो तर दोन्हीकडची माणसं आधीच बोलत होती, जोरजोरात, एकाच वेळी. आबांनी कुणाला गप्प बसवलं नाही. ते सरळ खाली उकिडवे बसले आणि विळ्याच्या टोकानं धुऱ्याची कड खरवडायला लागले. काळी माती, वर पाण्याच्या भेगा, त्यात कुंद्याचं जाळं. ज्यांनी काळ्या रानातला कुंदा उपटलाय त्यांना सांगायला नको, त्याची मुळी पाताळात जाते. आबा एका बाजूनं दोन-तीन हात खरवडत गेले, मग दुसऱ्या बाजूला आले. बराच वेळ कुणाला काही कळलं नाही. माणसं बोलून बोलून थकली, एकानं तंबाखू काढली. मग आबांनी मला जवळ बोलावलं आणि बोट ठेवून दाखवलं. एका बाजूला मुळ्या मातीच्या आत शिरत होत्या, वळत होत्या, जशा त्या असतात. दुसऱ्या बाजूला त्या कडेशी येऊन तुटल्या होत्या. सरळ रेषेत. आणि तुटलेली टोकं अजून पांढरी होती.

धुरा कोरलेला होता, आणि याच वर्षी.

आबा उठले, गुडघ्यावरची माती झटकली, दोरी मागवली. एक गुंठा म्हणजे तेहतीस फुटाला तेहतीस फूट, हे गणित मी शाळेत शिकायच्या आधी त्या दिवशी दोरीच्या गाठी मोजून शिकलो. शेवटी आबांनी कोरणाऱ्याला सांगितलं, "तीन हात मागं सर." तो त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. तोवर मला ते माहीतच नव्हतं, कारण आबा दिवसभरात त्याच्याशी एकदाही भाचा असल्यासारखे बोलले नव्हते, आणि परक्यासारखेही नाही. मग आम्ही एका बाभळीखाली बसून भाकरी खाल्ली. पुढची दोन वर्षं आबांची बहीण दिवाळीला आली नाही, आणि ओवाळणीचं ताट तसंच देवळीत राहिलं. आबा त्याबद्दल काही बोलले नाहीत, फक्त त्या दिवशी लवकर झोपले, असं आई सांगते.

आबांची ही गोष्ट आमच्या घरात कौतुकानं सांगतात, पण आजीच्या तोंडून ऐकली तर ती वेगळी व्हायची. आजीच्या मते आबांसारखा गबाळ शेतकरी पंचक्रोशीत नव्हता. घरच्या ज्वारीत तण माजलेलं आणि हे चालले दुसऱ्याचा धुरा मोजायला. बैलांच्या खुरांना पत्री मारायची राहिलेली, विहिरीचा रहाट मोडलेला, पोरींच्या फिया राहिलेल्या. शेजाऱ्यानं आमच्या खालच्या रानात दोन-तीन तास, म्हणजे नांगराच्या ओळी, आत घेतले होते, हे सगळ्या गावाला दिसत होतं. आजी म्हणायची, एवढा मोठा पंच, घरचा धुरा मोजा की. आबा म्हणायचे, "तिथं मला गरज हाये, मी कसा मोजू?" आजी यावर जे म्हणायची ते लिहिता येण्यासारखं नाही. आई एकदा भाजी निवडता निवडता अगदी सहज म्हणाली, "आबाला आमच्यात काही इंट्रेसच नव्हता रे." इंट्रेस हाच शब्द. तिला दहावीपुढं शिकू दिलं नाही, आणि ते शिकू न देणारं कुणी वाईट नव्हतं, फक्त कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. म्हणजे एकच माणूस गावासाठी डिसइंटरेस्टेड आणि घरासाठी अनइंटरेस्टेड. ही दोन उदाहरणं मी वर्गात एकत्र कधी दिली नाहीत. देणं जमलंही नसतं.

आबांच्या अस्थी आम्ही गंगाखेडला सोडल्या. आमच्या भागातली माणसं तिथंच सोडतात, दक्षिण काशी म्हणतात तिला. मामा गुडघाभर पाण्यात उतरला होता आणि मी घाटाच्या पायरीवर चपला सांभाळत उभा होतो. तेव्हा माझ्या मनात आलं, तटस्थ म्हणजे हेच की. तटावर उभा असलेला. पाण्यात नाही, पण नदीही सोडून गेलेला नाही. तटावरच्या माणसाला प्रवाह दिसतो, मामाचा पाय कुठं घसरतोय ते दिसतं, नाण्यांसाठी बुड्या मारणारी पोरं किती खोल गेलीत ते दिसतं. जुन्या मराठीत तर तटस्थ म्हणजे थक्क होऊन, डोळे लावून खिळून राहिलेला, असाही अर्थ आहे. आता मात्र कुणी तटस्थ आहे म्हटलं की डोळ्यांसमोर नदीकडं पाठ करून मोबाईल बघणारा माणूस येतो. माझ्या पायरीवर त्या दिवशी असे दोघंतिघं होते. खरं सांगायचं तर त्यांतला एक मी होतो, कॉलेजातून फोन येत होते.

उदास या शब्दाचं तर याहून वाईट झालंय. तुकोबांचा अभंग आपल्याकडं कीर्तनात ऐकला नाही असं माणूस सापडणार नाही, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी'. लहानपणी मला वाटायचं, पैसे चांगल्या मार्गानं कमवायचे आणि मग तोंड पाडून खर्च करायचे. आमच्या घरी खर्च तसाच व्हायचा, त्यामुळं शंका यायचं कारण नव्हतं. तिथला उदास म्हणजे अलिप्त, जीव न अडकवता हात सैल सोडणारा, हे पुढं कळलं. उदासीनचंही तेच. पाणीटंचाईच्या दिवसांत पेपरात 'अधिकारी उदासीन' असा मथळा येतो तेव्हा ती शिवी असते. पण गीतेच्या बाराव्या अध्यायात देवाला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगताना उदासीन हे कौतुकानं घातलंय, आणि त्याच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, कोणता शब्द आहे बघा, 'अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः'. दक्ष. सावध, कामात चोख, डोळ्यांत तेल घालून बसलेला. त्याच ओळीत उदासीन. आपल्याला हे दोन शब्द आज एका माणसाला लावून बघा म्हटलं तर जमत नाही. दक्ष आहे तो मतलबाचा असणार, आणि ज्याला मतलब नाही तो कशाला दक्ष राहील? इंग्रजीनं निदान डिस आणि अन असे दोन धुरे घालून ठेवले. आपण उदासचं रान सगळंच दुःखाला आणि आळसाला देऊन टाकलं.

आता माझं. आमच्या गावी माझ्या दोन चुलतभावांत सामाईक विहिरीवरून वाद आहे. सुरुवातीला, म्हणजे वकिलांकडं जायच्या आधी, दोघंही वेगवेगळे माझ्याकडं आले होते. मी शिकलेला, शहरात नोकरीला, त्या विहिरीत माझा वाटा नाही. 'दादा, तुमी मधात बसा, तुमचं दोघंबी ऐकतोत.' मी म्हणालो, मी तटस्थ आहे, मला यात घेऊ नका. तेव्हा मला हे फार मोठेपणाचं वाटलं होतं. आबांचा नातू वगैरे. आज मागं वळून बघितलं तर त्या बोलण्यात आबा कुठंच नव्हते. आबा तटस्थ होते म्हणून मधात बसले, मी मधात बसायला नको म्हणून तटस्थ झालो. मला त्या विहिरीचा कंटाळा होता, एवढंच. रविवारी गावी जायचं, दोघांचं दोन-दोन तास ऐकायचं, कागद बघायचे, आणि शेवटी एकाचा रोष पत्करायचा. कोण करतो? अकरा वर्षं झाली, तारखा चालू आहेत. माझा एक वकील मित्र आहे, त्याला सहज म्हणालो, मी नातेवाईक पडतो ना, माझं तिथं काय चाललं असतं? तो हसला. म्हणाला, नातेवाईक म्हणजे हितसंबंधी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1953 सालापासून किती वेळा सांगितलंय. नात्यातला साक्षीदार केवळ नात्यातला म्हणून खोटा ठरत नाही. त्याचा काही अडकलेला मतलब दाखवावा लागतो. "तुझा तर काहीच मतलब नव्हता," तो म्हणाला, आणि ते त्यानं कौतुकानं म्हटलं होतं.

त्या रात्रीच्या वह्यांचंही तेच. पेपर तपासताना आम्ही मास्तर लोक स्वतःला न्यायाधीश समजतो. नाव बघत नाही, जात बघत नाही, कोण कुणाचा पोरगा ते बघत नाही. खरंच बघत नाही, त्याबद्दल मला अजूनही थोडा अभिमान आहे. पण त्या रात्री मी वाक्यही बघितलं नव्हतं. मागचं वाक्य काय होतं ते मी वही पुन्हा उघडल्यावर वाचलं, 'द लँड इज नॉट अवर लँड.' आणि त्याच्या पुढचं, 'बट ही नोज एव्हरी ट्री.' दोन्ही वाक्यांवर माझ्या लाल शाईचा ठिपकाही नाही. व्याकरण बरोबर होतं ना.

वही माझ्याकडंच राहिली. अर्धा मार्क परत द्यावा, तर लिहायचं काय? 'अन' खोडून पुन्हा 'डिस' लिहू? मग उद्या बोर्डाच्या पेपरात त्यानं तेच लिहिलं तर तिथला कुणीतरी, चाळिसाव्या पेपरवर, टीव्हीसमोर... मी दोनदा पेन उघडलं आणि दोनदा बंद केलं. पोरानंही वही मागितली नाही. त्यानं नवी केली.

पाडव्यानंतर तीन-चार दिवसांनी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात ते पोरगं दिसलं. सोबत बाप. उंच, वाळलेला, डोक्याला पंचा, हाताच्या बोटांवर चिकाचे काळे डाग. पोरगं उभं राहिलं, "हे आमचे सर." बापानं दोन्ही हात जोडले आणि मला बसायला बाकावर जागा करून दिली, स्वतः अर्धा उठून. साल पाडव्याला संपलं होतं, आता दुसरा मालक धरला, ओढ्यापल्याडचा. गावापासून जवळ पडतो, बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे, तेवढीच दगदग कमी. एवढं सगळं पोरानंच सांगितलं. बाप बशीत चहा ओतून फुंकत होता. मला त्याला काहीतरी सांगायचं होतं, पण ते मराठीत कसं सांगावं ते सुचेना, आणि इंग्रजीतही सुचलं नसतंच.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, त्यानं बघितलं आणि कापला. मग थोडं थांबून स्वतःच दुसरा एक नंबर लावला. "मालक, मी बोलायलोय. नाही, नाही, पैशाचं नाही. ते विहिरीतला फुटबॉल एकदा वर घेऊन बघा. शेवाळ अडकतंय त्याच्यात. मी दर आठ दिसाला काढायचो. नव्या माणसाला सांगायचं राहिलं." फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, मोटारीच्या पायपाच्या खालच्या टोकाची झडप. पलीकडून काहीतरी बोलणं झालं, लांबलचक. बाप "हो, हो" म्हणत राहिला. फोन ठेवला तेव्हा चहा निवला होता.

"पण तुम्ही आता तिथं नाहीत ना?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. प्रश्न नीट कळला नसावा.

"मोटार जळंल ना, सर," तो म्हणाला.